बिनखर्चाचं अर्थिंग

त्या वायरमनला सगळी गल्ली ‘फ्यूज’ म्हणायची. तोंडावर फ्यूजकाका, पाठ वळली की नुसता फ्यूज. कारण सांगायलाच नको. जरा भार वाढला की उडायचा. बायको होती तेव्हा ती शेजारणींना सांगायची, “आमच्याकडे वीज गेली तरी अंधार होत नाही, हे पेटलेलेच असतात!”

एकदा एक दुकानदार म्हणाला, “काका, आजच्या दिवस तात्पुरतं जोडून द्या की.” झालं! “तात्पुरतं म्हणजे? शॉक बसला तर मरणारा तात्पुरता मरेल का?” असं म्हणून गडी शिडी खांद्यावर टाकून जो निघाला, तो घरी पोचल्यावर लक्षात आलं की शिडी दुकानदाराचीच होती. परत द्यायला गेला आणि तिथेही भांडून आला.

अशा माणसाला एकुलती एक लेक. लग्नाला वर्ष झालेलं, सातवा महिना लागलेला. जावई परगावी कामाला, आठवड्याला एक फेरी. नव्या भाड्याच्या घरी येऊन चार महिने झाले तरी ती बापाला बोलवेना. “सामान लागू दे बाबा, मग या.” सामान ते किती, दोन खोल्यांचं! शेवटी एका सकाळी न सांगताच हा जिना चढला.

स्वयंपाकघर म्हणजे मूळची गॅलरी. मालकाने तिला खिडक्या लावून स्वयंपाकघर म्हणायला सुरुवात केली होती. पाइप आणि वायर एकाच झिरीत बसवून त्याने भिंत फोडायची मजुरी वाचवली होती. त्यामुळे शेगडी, सिंक, फ्रिज सगळं एका रांगेत, आणि नळाच्या वर वीतभर अंतरावर बटणांचा बोर्ड. भांडी घासताना शिंतोडे थेट त्यावर. काकांचं रक्त तिथेच तापायला लागलं.

लेक चहाला पाणी घ्यायला वळली. पायांत चपला सरकवल्या, सिंकपुढच्या लाकडी फळीवर चढली, कोरडं फडकं हाताला गुंडाळलं आणि नळ सोडला. इतकं सहज, की जणू साऱ्या जगात नळ असाच सोडतात.

“हे काय गं?”

“काही नाही बाबा. नळ जरा चावतो.”

“चावतो? नळ आहे की कुत्रा?”

“मुंग्या येतात हाताला. खालच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फळीवर उभी राहत जा म्हणून. फळी आधीच्या बिऱ्हाडाचीच आहे. जाताना ठेवून गेले बिचारे.”

तळपायाची आग मस्तकाला गेली. काकांनी खिशातला टेस्टर काढून नळाला लावला. लागला! फ्रिजची पिन उपटली, टेस्टर विझला. पिन बसवली, पुन्हा लागला. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून खाली उतरून नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. आणि खाली जाऊन पाहिलं, तर खालच्या मजल्यावर तो पाइप बदलून पांढरा प्लास्टिकचा टाकलेला. म्हणजे फ्रिजमधून गळणारी वीज जमिनीत जायची, तिचा रस्ताच बंद. ती नळात येऊन कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसलेली.

“मालक!” काकांनी जिन्यातून अशी हाक मारली की मालक हातात चहाचा कप घेऊनच वर आला.

“चार बिऱ्हाडं राहून गेली,” तो म्हणाला, “एकाने तक्रार केली नाही.”

“तक्रार करायला आधी माणूस जिवंत राहावा लागतो!”

“बाबा, नका ना भांडू,” लेक हळूच म्हणाली. “अशा दिवसांत दुसरं घर कुठे शोधू मी?”

“तू गप बस. मालक, ती फळी बाजूला करा. चपला काढा. आणि सोडा नळ.”

मालकाने नळाकडे पाहिलं. मग कपाकडे. “माझा चहा निवतोय हो.”

“निवू दे. मुंग्याच येतात ना? सोडा!”

मालक एक पाऊल मागे सरकला.

“अर्थिंगचा खड्डा अंगणात घेणार आहे मी,” काका म्हणाले.

“अहो, फरशी नवीन आहे! फुटेल ना!”

“फरशी फुटली तर गवंडी येऊन जोडील. माझ्या पोरीला काही झालं तर कुठल्या गवंड्याला बोलावू?”

मालक नरमला, पण जाता जाता चिडून बोललाच, “माझ्यावर कसले ओरडता! हे तुमच्याच धंद्यातल्या माणसाचं काम. छाती ठोकून म्हणाला होता, लोखंडी पाइप जमिनीतच गेलाय, वेगळा खड्डा कशाला? बिनखर्चाचं अर्थिंग!”

काकांचा हात बोर्डावरच थांबला.

कारण हे शब्द त्यांनी स्वतः किती दारांत उच्चारले होते! त्या काळी निम्मे वायरमन हेच करायचे. चालतही होतं, कारण पाइप वरपासून जमिनीपर्यंत लोखंडी. मग पाइप गंजले आणि जागोजाग प्लास्टिकचे आले. प्लंबरने वायरमनला विचारलं नाही, वायरमनने मागे वळून पाहिलं नाही. आणि मधल्या मधे बायकांनी फळ्या शोधल्या.

दोन दिवसांत अंगणात खड्डा झाला. कोळसा, मीठ, तांब्याची जाड तार, सगळं नियमाने. बोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर गेला, गळती झाली की वीज तोडणारी पेटी बसली, फ्रिज दुरुस्त झाला. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून काकांनी आधी स्वतः नळ धरला, मग लेकीला धरू दिला. तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

“बाबा, आता तरी राग सोडा.”

“कसा सोडू? अजून घरं आहेत.”

“कुणाची?”

“मी बांधलेली. तशीच, पाइपाला.”

मालकांची नावं काही आठवेनात, पण स्वयंपाकघरं आठवली. एकाला निळी खिडकी, एकात छत इतकं खाली की डोकं आपटायचं. बोटांवर मोजली तर अकरा. दुसऱ्या दिवशी काका पहिल्या दारात उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. तीही तिथे भाड्यानेच राहत होती.

“मी कुणाला बोलावलं नाही,” ती म्हणाली. “काही बिघडलेलं नाही इथे.”

“बिघडलंय आजी. मीच बिघडवलंय.”

त्यांनी सगळं सांगितलं. बाईने शांतपणे ऐकलं, मग आत जाऊन औषधांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेला डबा आणला आणि त्यांच्यासमोर ओट्यावर उपडा केला.

“नऊ वर्षं! नऊ वर्षं भांडी घासताना माझे हात झिणझिणतात. डॉक्टर म्हणतो नसा कमजोर. सून म्हणते सासूबाईंना कामाचा कंटाळा. मलाही वाटायला लागलं, असेल बाई आपलंच काहीतरी. आणि तू आज येतोस होय रे मेल्या? शेजारी राहायचास की परदेशी?”

“तीन गल्ल्या सोडून.”

“लाज नाही वाटली?”

जन्मभर दुसऱ्यांवर पेटलेला हा माणूस पक्कड हातात धरून मान खाली घालून उभा राहिला. बाई बोलत राहिली, धाप लागेपर्यंत. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, “आणखी किती घरं आहेत अशी?”

“दहा.”

“मग इथे माझं तोंड काय बघतोस? मेन स्विच जिन्याखाली आहे. बंद कर आणि लाग कामाला. आणि पुढच्या घरी मी येते तुझ्याबरोबर. तिथल्या बाईला मी सांगते, तिच्या नसा चांगल्या आहेत म्हणून.”

काका जिन्याखाली वाकले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.