आला, गेला, उरला

आमच्या सौ.च्या धाकट्या मामांइतका हेडिंगवर जीव टाकणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, असं मामी देवापुढे हात जोडून म्हणत. लोक पेपर उघडून बातम्या वाचतात. मामा नुसते मथळे वाचत आणि "आत काय असनार ते कळलं" म्हणून घडी घालून ठेवत. एकदा नगरच्या स्टँडवर पाथर्डीच्या गाडीची वाट बघताना त्यांनी कंट्रोलरला खिडकीत गाठलं. "साहेब, फळ्यावर 'सुटण्याची वेळ' लिवलंय ते खोडा. 'सुटली तर वेळ' करा, म्हंजे पब्लिक भांडायचं न्हाई." कंट्रोलरने खिडकीच लावून घेतली. घरचं तर विचारूच नका. मामींच्या प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरात चिठ्ठी. एकदा 'शेवया'च्या डब्यात साबुदाणा निघाला तेव्हा मामी करवादल्या, "अहो, मग नावाचा उपेग काय?" मामा शांत. "अगं, माल येतो-जातो. आपन हेडिंग सांभाळायचं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी या माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागला. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! मामांनी चांगली कायमची नोकरी सोडली, घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि कारखान्यांच्या स्टोअरसाठी प्रोग्रॅम लिहायला बसले. दिवाळीपर्यंत एका तरी कारखान्यात तो बसला पाहिजे, नाहीतर मुकाट्याने परत नोकरी धरायची, असं मामींनी बजावलं होतं. मी तेव्हा नागापूरला एका पंपाच्या कारखान्यात अकाउंट्सला होतो. हातापाया पडून मी आमच्या मालकांना महिनाभर तो प्रोग्रॅम वापरून बघायला राजी केलं.

प्रोग्रॅम तसा साधाच होता. पण त्यातल्या तक्त्याची हेडिंगं! वरच्या पट्टीवर उजवं बटण दाबलं की खिडकी उघडे. तिच्यात आपल्याला हवं ते नाव लिहा, हवा तो रंग द्या, अक्षर लहान-मोठं करा. हेडिंग धरून ओढलं की त्याच्याखालचा अख्खा कॉलम मागोमाग निघे. "धरायचं, वढायचं, सोडायचं," मामा प्रत्येकाला शिकवत फिरत. हिशेब बरोबर येतो का हे कोणी विचारलं तर "येतोय की" म्हणून परत हेडिंगकडे वळत.

आमच्या स्टोअरचे बबनराव आधी कॉम्प्युटरला हात लावायला घाबरत. पण आपण ठेवलेलं नाव काचेवर उमटतं म्हटल्यावर गडी खुलला. त्यांनी 'आला', 'गेला', 'उरला' अशी नावं ठेवली आणि 'उरला' लालभडक करून सगळ्यांत पुढे आणला, कारण सकाळी सकाळी सगळे तेच विचारत. माझ्याकडे 'आवक, जावक, शिल्लक' होतं. तपासणीच्या बाईंनी तर सगळी हेडिंगं गुलाबी करून टाकली होती.

आणि नेमके मालक फेरीला आले. तीन टेबलांवरचे तीन तक्ते बघून ते मटकन खुर्चीत बसले. "अहो, ही एकच फॅक्टरी आहे ना?"

"फॅक्टरी येकच हाय साहेब," मामा म्हणाले, "पन प्रत्येकाला इचारनारा येगळा."

मालकांना ते पटलं नाही. शनिवारपर्यंत सगळीकडे एकच हेडिंग करा आणि त्याला कुलूप घाला, तरच प्रोग्रॅम घेतो, असं सांगून ते निघून गेले.

तासाभराचं काम! मी काकुळतीला आलो. "मामा, करून टाका ना. मामींचा तरी विचार करा."

"जावईबापू, बारशाला नाव कोन ठेवतं?"

"आत्या."

"मग? मालाची आत्या बबनराव हायेत. तिथं मी कशाला तोंड घालू?"

आता या माणसाला काय म्हणावं? खुद्द बबनराव म्हणाले, "मामा, तुमच्यासाठी काय बी ठेवा, माझं काय न्हाई." तरी मामांनी त्यांचं 'उरला' पुसलं नाही. शनिवार आला आणि गेला. सोमवारी पुण्याच्या एका कंपनीचा तयार प्रोग्रॅम आला, सगळी हेडिंगं इंग्रजीत आणि कुलूपबंद. मामांनी परत नोकरी धरली. मला त्यांचा असा राग आला होता की मी दिवाळीला त्यांच्याकडे फराळालाही गेलो नाही.

पुढे उन्हाळ्यात मामा स्टोअरमध्ये राहिलेल्या आपल्या फ्लॉप्या न्यायला आले. मी बरोबर होतो. बघतो तर बबनरावांनी मॉनिटरच्या काचेवर, इंग्रजी हेडिंगांच्या बरोब्बर वर, डिंकाने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: आला, गेला, उरला. फक्त गंमत अशी, की तक्ता बाजूला सरकवला की कॉलम पुढे जात आणि चिठ्ठ्या जागच्या जागी राहत. आदल्याच दिवशी 'उरला'खाली बोल्टचा भाव आला होता, तो बबनरावांनी शिल्लक म्हणून साहेबांना सांगितला होता आणि भरपूर बोलणी खाल्ली होती.

मामा हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि म्हणाले, "बबनराव, कातर हाय का?"

मग दुपारभर बसून त्यांनी कागदाची एक लांब पट्टी कापली, फूटपट्टीने मोजून एकेका कॉलमच्या रुंदीची घरं आखली, सगळी नावं बबनरावांना विचारून लिहिली आणि मॉनिटरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून ती पट्टी पडद्यासारखी त्यात ओवली. तक्ता सरकला की पट्टीही बोटाने सरकवायची. "धरायचं, वढायचं, सोडायचं," मामा म्हणाले. 'उरला' अर्थातच लाल शाईत होतं.

काही दिवसांनी पुण्याचा इंजिनिअर आला आणि ते लक्तर काढायला त्याने हात पुढे केला. कधी आवाज न चढवणारे बबनराव उठून उभे राहिले. "साहेब, तुमचं आतलं काय बदलायचं ते बदला. ह्याला हात लावायचा न्हाई. हे आमच्या मामांचं हाय." मी हे त्याच संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन सांगितलं. मामा मामींकडे वळून हळूच म्हणाले, "बसला बरं का गं, येका कारखान्यात."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मामींकडे गेलो तेव्हा त्यांनी 'शेवया'च्या डब्यातून चहापत्ती काढली. चिठ्ठीची अक्षरं फिकी झालीयत. मी म्हटलं, "मामी, नवीन लिहून देऊ का?"

"नको," मामी झाकण लावत म्हणाल्या. "त्यांनी लिवलंय, ऱ्हाऊ द्या."