घुंगराची काठी

झुलालदाजींना आयुष्यात एकच वाईट सल्ला मिळाला, आणि तो मी दिला. हसा, खुशाल हसा! पण आधी ऐका.

माझी थोरली बहीण भागाबाई, म्हणजे आमची अक्का, तिचे हे यजमान. शिंदखेड्याहून आमच्या गावापर्यंत पाच मैल डाक घेऊन पळायचे. पाठीवर थैली, हातात घुंगराची काठी. चोवीस वर्षं पळाले, पण गुडघा कधी दुखला म्हणून बसले नाहीत. त्याचं कारण अक्का. रोज पहाटे दाजी खळ्यात पाच फेऱ्या मारायचे आणि अक्का त्यांच्याकडे पाठ करून ज्वारी पाखडत बसायची. नुसतं ऐकायची. घुंगरू एकसारखं वाजलं तर गप्प. जरा अडखळलं की म्हणायची, "टाच आपटस तुमनी." नाहीतर, "खांदा वर चढना." मी टांगेवाला माणूस, घोड्याची चाल मला कळते, पण अक्काचा कान मला कधी आला नाही.

सत्तावीस सालच्या कार्तिकात डाकेचा साहेब तपासणीला आला. दाजी पन्नाशी ओलांडलेले. पाच मैल पन्नास मिनिटांत झाले तर काठी त्यांची, नाहीतर सोमवारपासून दुसऱ्या कुणाची. साहेब घड्याळ घेऊन मागून येणार होता आणि टांगा माझा होता! आदल्या दिवशी मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, "दाजी, तुमची ती चिमणीची पावलं साहेबाला काय दिसणार? लांब ढांगा टाका. घोडा कसा सुटतो!"

आणि भल्या माणसानं ऐकलं हो!

पहिला मैल काय पळाले! साहेब म्हणाला, "वाहवा." माझी छाती फुगली. दुसऱ्या मैलाला मात्र घुंगरू फाटक्या आवाजात वाजू लागलं. पाय पुढे फेकले जात होते, टाच दणकन् आपटत होती, दर पावलाला अंगाला जणू लगाम बसत होता. तिसऱ्या मैलाला दाजींचे खांदे कानाला टेकले आणि तोंड उघडं पडलं. साहेबानं घड्याळ पाहून मान हलवली. मी मनात स्वतःला अशा शिव्या दिल्या की घोड्यानंही कान टवकारले असते.

रस्त्याच्या कडेला आमचंच शेत. अक्का कपाशी वेचत होती. तिनं मान वर केली नाही, आधी कान दिला. मग ताडकन् उठली.

"घुंगरू चुकी ऱ्हायनं!" ती ओरडली. "मना मांगे या!"

आणि बांधावरून उडी मारून बाई रस्त्यावर! ओटीत कापूस तसाच, काष्टा घट्ट, आणि दाजींच्या पुढे पळत सुटली. अहाहा! पावलं जवळजवळ, अंगाच्या बरोबर खाली पडणारी. खांदे सैल, नजर समोर, धुळीत आवाज नाही. ओटीतला कापूस मागे उडतोय आणि दाजी तिच्या पावलांवर पाऊल टाकतायत. शंभर कदमांत घुंगरू सरळ झालं. मी आनंदानं टांग्यात उभाच राहिलो, साहेबानं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

गावच्या पिंपळापाशी साहेबानं घड्याळ मिटलं. अठ्ठेचाळीस मिनिटं! पण म्हणतो कसा, "बाईची मदत झाली. हे चालेल का?"

माझं टाळकंच सणकलं. "साहेब, तिनं थैली उचलली? काठी धरली? बिघडवलं मी, सुधारलं तिनं, आणि पळाले ते! लिहायचं तर माझं नाव लिहा!"

साहेब खो खो हसला आणि त्यानं कागदावर सही केली. अक्का तोवर कापूस वेचायला परतही गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माफी मागायला खळ्यावर गेलो. दाजींनी मला बोलूच दिलं नाही. काठी उचलली, अक्काच्या हातात दिली, तिचं सूप घेतलं आणि पाठ करून बसले.

"चोवीस वरीस तू आयकं," ते म्हणाले. "आज तू पळ. मी आयकस."

अक्का लाजली, पदर खोचला आणि पळाली. पाच फेऱ्या झाल्या तरी दाजींना बोलायला एक चूक सापडली नाही. सुपातली ज्वारी मात्र त्यांनी सगळी खाली सांडली होती.