वकीलपत्र न घेण्याचा ठराव

आमचं कोर्ट जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, तालुक्याच्या गावातलं. एखादा भयंकर गुन्हा घडला की आम्हा वकिलांच्या अंगात न्याय संचारतो. बाररूममध्ये सभा भरते आणि ठराव होतो, आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याच्या लेकीचा खून झाला, तेव्हाही असा ठराव झाला. एकमतानं, असं लिहिलं गेलं. मी विरोधात हात वर केला होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

फाशीच नको, हे माझं मत सगळ्यांना ठाऊक. त्रावणकोर संस्थानानं स्वातंत्र्याआधीच ती रद्द केली होती, असं मी एकदा चहा पिताना सांगितलं. "मग तिकडेच प्रॅक्टिस करा ना ताई," असं आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, आणि सगळे हसले. बरं, फाशीवर वाद घाला, हवा तितका घाला. पण ज्यांना फाशी हवी त्यांनीच आरोपीला वकील मिळू देऊ नये, याला काय म्हणावं? भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

शेवटी सरकारी खर्चानं धुळ्याचा एक नवखा वकील नेमला. आमच्यातलं कुणी त्याच्याशी बोलेना. कागद वाचायलाही त्याला वेळ मिळाला नाही, साक्षीदारांना त्यानं धड प्रश्न विचारले नाहीत. फाशीची शिक्षा झाली. बाररूममध्ये पेढे वाटले, एक माझ्याही टेबलावर ठेवला.

पुढे हायकोर्टानं ती शिक्षा रद्द केली. आरोपीला बचावच मिळाला नाही, साक्षी पुन्हा घ्या, म्हणून खटला आमच्याकडेच परत आला. मग सगळे हायकोर्टावर चिडले. ठरावाचा विषय कुणी काढेना.

मुलीचे वडील कोर्टाच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले.

"ताई, माले बठ्ठं परत सांगनं पडी का?"

"हो, भाऊ. सगळं."

"तिनी मायले बी?"

पहिल्या खेपेला मुलीची आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच कोसळली होती. मी होकारार्थी मान हलवली. मला फार संताप आला होता, आणि तो त्यांच्यासमोर काढण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात ते ज्येष्ठ बाहेर आले. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. याही वेळी आपण ठराव करू."

"नको, वकीलसाहेब," वडील म्हणाले. "आते त्याले चांगला वकील द्या. तिनी मायले तिसरांदा नका बलावा."