काहीही चालेल

“काय पन चालंल नावाची भाजी कुठल्याच हाटेलात मिळत नाय गो!”

शहापूरच्या आमच्या ओटीवर बसून ड्रायव्हरकाका मला म्हणाले आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपने पुण्याला जायचं होतं. काकांच्या सहलीत देवळं, बागा मागाहून; जेवायचं कुठे, ते आधी ठरायचं. किल्ल्या खुळखुळवत ते प्रत्येकाला विचारायचे, अगदी आईलाही. तिला घरात असं कुणी विचारत नसे.

मी मात्र नेहमी “काहीही चालेल” म्हणायचे. मागे नाशिकला ताटात आधी पोळ्या आल्या. आमचं जेवण भातानेच सुरू होतं, पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला वाढप्याकडे आधी भात मागणं गावठी दिसेल, याची लाज वाटली. पोळ्या तशाच ठेवून मी वाट बघत राहिले; भात आला तेव्हा सगळे उठले होते, म्हणून मीही उपाशीच उठले. जीपमध्ये काकांनी स्वतःचा भाताचा डबा माझ्या हातात दिला आणि मी खाईपर्यंत समोरचा आरसा दुसरीकडे वळवून ठेवला.

आता हसणं ओसरलं, तरी काका किल्ल्या मुठीत धरून माझ्याकडेच बघत होते.

“काका,” मी म्हणाले, “जिथे भात आधी वाढतात, तिथे जाऊ या.”