लाल रंगाखालचा गंज

१९६४ च्या कार्तिकात गिरधर पाटलांनी ती लाल, बुटकी, दोनच माणसांची विलायती गाडी नंदुरबारला अजीज मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी केली, तेव्हा बघायला अर्धी गल्ली जमली. पाटील तापीकाठचे, केळी-उसाचे बागायतदार, वय तिशीचं. गुजरातेत समुद्रकाठच्या एका जुन्या संस्थानिकाकडून त्यांनी ती शर्यतीची गाडी आणली होती. रंग आरशासारखा. तक्रार एवढीच, की डावं दार धड लागत नव्हतं.

"बिजागरी दखी ल्या," पाटील म्हणाले. "सारंगखेडानी जत्राले हाईच गाडी लई जावानी शे."

बिजागरी चांगली होती. मग दार का लागत नाही हे अजीजच्या लक्षात आलं. दार वाकडं नव्हतं. गाडीच मधोमध खाली बसत चालली होती.

पाटील चहाला गेल्यावर तो गाडीखाली शिरला. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दांडीवर डांबराचा जाड थर होता. त्यावर पेचकसाचं टोक टेकवून जरा दाबलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर ओढलं तेव्हा तपकिरी भुगा त्याच्या दाढीत सांडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. खाऱ्या हवेनं लोखंड आतून खाल्लं होतं, आणि कुणीतरी भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवून वर डांबर फासलं होतं.

अजीजला एक जुनी जीप आठवली. अकरा वर्षांपूर्वी जालमसिंग नावाच्या जीपवाल्यानं त्याच्याकडून घाईघाईत चासी जोडून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सातपुड्यातल्या मोलगीचा बाजार होता. अजीजनं गंज न कापता त्यावरच पत्रा ठेवून वेल्डिंग मारलं. आठवड्यातच जीप घाटात मोडली आणि जालमसिंग दरीत गेला. लोक म्हणाले, ब्रेक गेला. अजीजनं दरीत उतरून पाहिलं, तर त्याचा पत्रा जागच्या जागी होता. शेजारचं कुजकं लोखंड फाटलं होतं. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"मन्हाकडथून हाई काम नही व्हवाव," पाटील परतल्यावर तो म्हणाला.

पाटील चिडले. "मंग धुळाले लई जास. तठे कोनीबी दार बसाडी दी."

खरंच, कुणीही बसवून दिलं असतं. त्या विचारानं अजीज जास्तच घाबरला. तो गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. "आधी खाले या, पाटील. हात लावा."

पांढऱ्या लेंग्यानिशी पाटील गोणपाटावर आडवे झाले. त्यांचं बोट दांडीत दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. तिथेच, शेजारी पडल्या पडल्या, अजीजनं त्यांना जालमसिंगची हकिकत सांगितली. दुकानामागच्या घरात अजीजची बायको नईमा भांडी घासत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"मन्ही बायको बसनार व्हती इन्हामा," पाटील अखेर म्हणाले. "लागतीन तितला दिन लागू द्या."

अजीजनं आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे जोडले, नाहीतर कुजका भाग कापताच गाडी दुमडली असती. मग तो हातोडीनं ठोकत पुढे सरकायचा. चांगलं लोखंड खणकन वाजायचं, कुजकं बद्द. जिथे खणकन वाजेल तिथेही त्याचा कानावर विश्वास बसायचा नाही. आणखी वीतभर कापून, चकचकीत धातू दिसला की मगच नवा जाड पत्रा जोडायचा.

पाचव्या दिवशी उजवी दांडी कापताना गाडी कण्हली. एक लाकडी ठोकळा निसटला आणि गाडीचं पोट त्याच्या छातीला टेकलं. त्याला हाक मारण्याइतकाही श्वास घेता येईना. त्यानं पेचकस दांडीवर आपटला, आपटतच राहिला. नईमा धावत आली, तिनं शेजाऱ्याला ओरडून बोलावलं आणि दोघांनी जॅक लावला.

"आता शिरू नका खाली," ती रडत म्हणाली.

"अर्धी कापलेली आहे. अशी सोडता येत नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आत गेला. नईमा दिवसभर जॅकपाशी बसून होती.

सतरा दिवसांनी दार एका बोटानं लागलं. पाटील बायकोला, प्रमिलाबाईंना, घेऊनच आले होते. अजीज म्हणाला, "आधी मी बसस."

त्यानं दाराच्या फटीत आगकाडी अडकवली. चासी वाकली तर फट रुंदावेल आणि काडी पडेल. प्रकाशा गावाच्या रस्त्याला पाटलांनी गाडी पळवली. अजीजनं ना रस्ता पाहिला ना शेतं, नजर काडीवर. नाल्यावरच्या फरशी पुलावर चाकं आदळली आणि मागे धाडकन आवाज झाला. "या अल्ला!" तो ओरडला. पाटलांनी गाडी थांबवली. डिकीतला जॅक सुटून पत्र्यावर आदळला होता. काडी जागेवर होती. अजीज खाली उतरला आणि ज्वारीच्या कडेला त्याला उलटी झाली. पाटलांनी त्याच्या हातावर पाणी ओतलं.

जत्रेला प्रमिलाबाई त्या गाडीतून गेल्या आणि सुखरूप आल्या. त्यानंतर दर दोन महिन्यांनी अजीज बसनं पाटलांच्या गावी जायचा, न बोलावता, आणि दांड्या ठोकून बघायचा.

१९६८ साली पाटलांनी गाडी इंदूरच्या माणसाला विकली. अजीजनं नईमाकडून त्याला पत्र लिहवून घेतलं: जोड कुठे कुठे आहेत, पावसाळ्यानंतर कुठे ठोकून पाहायचं. उत्तर आलं नाही. पुढे कितीतरी दिवस इंदूरकडचा ट्रक दुकानासमोर थांबला, की तो ड्रायव्हरला लाल गाडीबद्दल विचारायचा. कुणी पाहिलेली नसायची.