थेरेसाचे हात

थेरेसा विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. डॉक्टर म्हणाला, "नशीब समजा, वाचा तरी शाबूत राहिली." डोंबलाचं नशीब! जिच्याशी बोलायचं त्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या लेखी आईची वाचा म्हणजे आईचे दोन हात, आणि ते आता चादरीवर ठेवल्या जागी पडून होते.

लेक म्हणजे आग्नेस, चाळिशी उलटलेली. वसईतल्या त्यांच्या केळीच्या वाडीत मायलेकींनी हातांची आपली भाषा घडवली होती. केळफूल, पाटाचं पाणी, चर्च, बाजार, ज्याला त्याला खूण. आग्नेस लहान असताना बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाई तिला न्यायला आल्या होत्या. थेरेसाने त्यांना वाटेला लावलं. "आमचं आम्हाला कळतंय, पोरीला लांब कशाला धाडू?" आणि कळत होतं, खोटं कशाला बोला. आग्नेस केळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली की थेरेसा दारात यायची, दोन्ही हात पुढे करून भरभर छातीकडे ओढायची. लवकर ये. आग्नेस मान डोलवायची आणि दुपारच्या आत घरी हजर.

थेरेसाचा मुलगा केनी तिकडे एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीत राहायचा. त्याने ठरवलं, मम्मीला फ्लॅटवर न्यायचं आणि आग्नेसला गुजरातच्या बाजूला एका आश्रमात ठेवायचं. माणूस वाईट नव्हता हो. नवराबायको दोघं दिवसभर कामावर, आणि त्याची बायको शर्ली म्हणाली तेही खरंच होतं: "गॅस चालू राहिला तर मम्मी ओरडेल, पण आग्नेसला कसं कळणार?"

थेरेसा रडली, भांडली, शेवटी गयावया करायला लागली. "माझ्या खाटेखाली झोपव तिला, पण ठेव रे." केनीने नकाराची मान हलवली. मग ती म्हणाली, "निदान तिला सांगा तरी. फसवून नेऊ नका. आईने टाकलं असं वाटेल तिला."

तेवढं केनीने ऐकलं. बहिऱ्यांच्या शाळेत शिकवणाऱ्या नॅन्सीला तो घेऊन आला. घरात सगळ्यांना वाटलं, हातांची भाषा ती हातांची भाषा, सगळीकडे एकच. नॅन्सीची बोटं झरझर चालायला लागली. आग्नेसने थोडा वेळ बघितलं, हसली आणि आतून तिच्यासाठी एक केळं घेऊन आली.

"आंटी, ही तुमच्या घरातली भाषा आहे, मला नाही येत," नॅन्सी म्हणाली. "पण तुम्ही तोंडाने सांगा, मी तशा खुणा करते."

थेरेसाच्या जिवात जीव आला. तिने 'तू जाणार' ही खूण सांगितली. नॅन्सीने केली. आग्नेसने लगेच कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट दाखवलं. बाजाराला?

आणि थेरेसा तिथेच अडली. आश्रमाला खूणच नव्हती. 'कायमचं' याला नव्हती. 'माझ्या मनात नाही गो, पण माझा इलाज नाही', याला कुठली असणार? चाळीस वर्षांत आग्नेस वाडीतून गेली ती बाजाराला किंवा चर्चला, आणि परत आली. न येण्याची खूण करायची वेळच कधी आली नव्हती.

"'ये'ची खूण कर, बाय," ती शेवटी म्हणाली. "एक हात छातीकडे ओढ. आता तळहात आडवा हलव. म्हणजे 'नको'."

येऊ नको.

आग्नेसचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नॅन्सीकडे बघितलंच नाही, सरळ आईकडे बघितलं. छातीवर मूठ आपटली, दोन्ही तळवे उघडले. मी काय केलं?

"नाही गो बाय माझे, नाही!" थेरेसा किंचाळली. "पुसून टाक ते! नॅन्सी, 'लवकर ये' म्हण! दोन्ही हात, भरभर!"

नॅन्सीने केलं. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते. आग्नेसने सुस्कारा सोडला, नाक पुसलं आणि ती केळीला पाणी सोडायला गेली. थेरेसा तोंड भिंतीकडे करून रडली. कुशीवर वळणं तिला जमत नव्हतं, मान तेवढी वळत होती.

सकाळी केनीची गाडी फाटकात लागली. आग्नेसच्या कपड्यांची बॅग त्याने गुपचूप डिकीत ठेवली. आग्नेस मात्र चांगला फ्रॉक घालून, पाटीत केळ्यांच्या दोन फण्या रचून तयार होती. निघताना ती खाटेपाशी आली. थांबली. आई नेहमीचं काही करत नाही म्हटल्यावर तिने वाकून आईचे दोन्ही हात उचलले, पुढे धरले आणि आईच्याच छातीकडे ओढले. भरभर, जसे ओढायचे तसे. मग तिने मान डोलवली.

"आग्नेस!" थेरेसाने शाबूत वाचेने हाक मारली. शेजारच्या वाडीतली माणसं बाहेर आली. गाडीच्या दारावरचा केनीचा हात थांबला. आग्नेस गाडीत बसली होती, पाटी मांडीवर घेऊन.