भाऊजींची चूक कुणी काढीना

३० मार्च होता आणि विकीची सगळी पानं छापून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष येऊन ती बंद करणार होते. ही विकी माझ्या चुलत दिरांची. स्वतःची चूक कुणीतरी काढावी म्हणून इतका आसुसलेला माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही.

शहाद्याच्या एकाच संस्थेत आम्ही दोघं. मी कार्यालय सांभाळते, भाऊजी संगणक. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून ते हे विकीचं खूळ घेऊन आले: फोनवर उघडणारी, सगळ्यांची मिळून पानं. ज्याला जे ठाऊक ते त्यानं लिहायचं, दुसऱ्याचं चुकलं तर सरळ खोडून नीट करायचं. डोंगरातले आणि तापीकाठचे लोक एकमेकांकडून शिकतील, त्यातून काही नवं सुचेल, असा त्यांचा हिशेब. तेव्हापासून त्यांनी तोंडी उत्तर देणंच सोडलं. जीपची किल्ली कुठे आहे विचारलं की, "पानवर शे, वहिनी." पान उघडेपर्यंत जीप कुणीतरी घेऊन गेलेलं असे. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदासुद्धा त्यांनी तिथंच टाकला. सगळ्यांनी खाली "अभिनंदन भाऊ" लिहून जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मुहूर्ताची वेळ चुकलीय हे एकानंही सांगितलं नाही. निम्मं वऱ्हाड सारंगखेड्याला पोचलं तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते.

मग ते मुद्दाम चुका पेरू लागले. डोंगरातल्या काठी गावची होळी दिवाळीत असते, असं लिहून ठेवलं. त्या भागातली आमची कार्यकर्ती काळजीनं माझ्याकडे आली.

"ताई, भाऊंची तब्येत बरी आहे ना?"

"अगं, दुरुस्त कर की."

"मी? भाऊंनी लिहिलेलं? काहीतरी कारण असेल."

खाली आणखी जोडलेले हात. भाऊजी वैतागायचे, "वहिनी, माले हात नका जोडा, मन्ही चूक काढा म्हना त्यासले!" तोंडावर मी त्यांच्या दहा चुका काढत असे. पण तोंडी चूक त्यांना चालत नसे, पानावर हवी. आणि मला तेवढा एकच उद्योग नव्हता.

शेवटी अध्यक्षांनी सांगून टाकलं: मार्चअखेर पानांवर भाऊजींखेरीज दुसरा लिहिता हात दिसला तर विकी राहील, नाहीतर ती बंद आणि भाऊजी गोदामात. महिनाभर भाऊजी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन विनवत फिरले. सगळे हो म्हणाले. कुणी काही लिहिलं नाही.

छापलेल्या प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं तेच एक नाव. दुपारी मान दुखायला लागली तेव्हा मी गठ्ठा बैठकीच्या खोलीत टाकून आले. महिन्याच्या बैठकीला आलेल्या बायका तिथं चहाची वाट बघत होत्या. थोड्या वेळानं आतून हसू ऐकू आलं. जाऊन बघते तर प्रत्येकीच्या हातात पेन. लोणखेड्याची कार्यकर्ती एका पानावर काट मारत होती, "हाऊ हातपंप तर कवयच बंद पडना! आनि भाऊ लिखतस, थंडगार पानी!" दुसरीनं मिरचीच्या रोपांबद्दल दोन ओळी वाढवल्या. तिसरीनं त्या दोन खोडून आपल्या चार लिहिल्या, आणि दोघी भांडू लागल्या.

"हेच फोनवर लिहायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"ना बाई, तठे खाले नाव येस. भाऊ काय म्हनतीन?"

भाऊ दारातच उभे होते. बायकांनी चटकन पेनं पदराआड केली. भाऊजींनी पानं उचलली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. "इतलं चुकेल व्हतं?" एवढंच म्हणाले. चेहरा असा, की लेक पहिल्यांदा माहेरी आली असावी. सगळी पानं वाचून झाल्यावर त्यांनी गठ्ठा नीट लावून माझ्या हातात दिला. "मी टाकसू ते खाले मन्हंच नाव येई, वहिनी," म्हणाले, आणि गोदाम बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर कार्यालय उघडलं आणि अध्यक्ष यायच्या आत बायकांच्या दुरुस्त्या एकेका पानावर टाकत बसले. प्रत्येक पानाखाली माझं नाव येत गेलं. येऊ दे. वहिनीनं दिराची चूक काढली तर खानदेशात कुणी मनाला लावून घेत नाही.